जमता जमता सुटत चाललेले सुपरक्लस्टर

सुपरक्लस्टर, म्हणजे दीर्घिकांच्या समूहांचेही महासमूह, अजून पूर्ण झालेले नाहीत आणि त्यातले बहुतेक कधी पूर्ण होणारही नाहीत, ही गोष्ट नीट कळली तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल हाताला लागेल ते वाचत आलेय. ग्रह घडून झालेला असतो, तारा घडून झालेला असतो, आपली आकाशगंगा बऱ्यापैकी स्थिरावलीय, दीर्घिकांचे समूह म्हणजे क्लस्टरसुद्धा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणात घट्ट बांधले गेलेत, पण त्याच्या वरच्या पायरीवर गेलं की सगळंच सैल होतं. तिथे धड कडा नाहीत, मध्य कुठला त्यावर एकमत नाही, आणि ज्या दीर्घिका आपण एका सुपरक्लस्टरमध्ये मोजतो त्यातल्या बऱ्याचशा आत्ता ह्या घडीलाही एकमेकींपासून लांबच चालल्यात. विश्वातली सगळ्यात मोठी रचना म्हणून जिचं नाव घ्यायचं ती अशी अर्धी जमलेली, आणि ती अर्धीच का राहिली हे शोधायला गेलं की विश्वाचा जवळजवळ सगळा इतिहास मधे येतो.

मापं पटकन सांगून टाकते. आपली आकाशगंगा, देवयानी दीर्घिका आणि आसपासच्या छोट्या छोट्या दीर्घिका मिळून आपला लोकल ग्रुप, त्याचा पसारा साधारण १ कोटी प्रकाशवर्षं. त्यापुढे कन्या राशीतलं व्हर्गो क्लस्टर, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर, त्यात हजाराहून जास्त दीर्घिका. ते, आपण आणि असे बरेच ग्रुप धरून लोकल सुपरक्लस्टर, ११ कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. आणि २०१४ पासून तेही एका आणखी मोठ्या रचनेचं टोक मानलं जातं, तिचं नाव लानियाकेया, रुंदी सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या १ वर १७ शून्यं इतके पट.

असे आकडे वाचून आपण नुसते दबून जातो, आणि दबून गेलं की विचार करायचा थांबतो, म्हणून मी त्याऐवजी एक साधा भागाकार करून बघा म्हणेन. विश्वाच्या प्रसरणामुळे दीर्घिका लांब जातात तो वेग बाजूला ठेवला तर उरतो तो त्यांचा स्वतःचा वेग, आजूबाजूच्या वस्तुमानाच्या ओढीमुळे आलेला, आणि तो असतो सेकंदाला काहीशे किलोमीटर. आपल्या लोकल ग्रुपचा असा वेग, मायक्रोवेव्ह पार्श्वभूमीच्या, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रकाशाच्या तुलनेत मोजलेला, साधारण ६३० किलोमीटर आहे. सोयीसाठी ६०० धरा. प्रकाशाच्या वेगाचा तो पाचशेवा भाग झाला. म्हणजे विश्व जन्मल्यापासूनची सगळीच्या सगळी १३.८ अब्ज वर्षं ह्या वेगाने सरळ रेषेत धावत राहिलं तरी अंतर कापून होईल पावणेतीन कोटी प्रकाशवर्षं. लानियाकेया ५२ कोटींचा. तो ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायला २६० अब्ज वर्षं लागतील आणि विश्वाचं वय अजून १४ अब्जसुद्धा नाही.

क्लस्टरचं तसं नसतं. अरुंधती केशमधल्या कोमा क्लस्टरमध्ये दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगाने इकडून तिकडे फिरतात, आणि कोटीभर प्रकाशवर्षं पार करायला त्यांना तीनेक अब्ज वर्षं पुरतात. त्यामुळे एखादी दीर्घिका आतापर्यंत मधून आरपार जाऊन परत आलेली असू शकते, सगळं ढवळून निघालंय, कोण कुठून आलं होतं त्याचा माग उरलेला नाही. सुपरक्लस्टरमध्ये असं ढवळणं झालेलंच नाही कारण त्याला वेळच मिळालेला नाही. दीर्घिका जिथे घडल्या तिथून फारशा हललेल्याच नाहीत, आणि म्हणून सुपरक्लस्टरचा आजचा आकार बघताना आपण थेट विश्वाच्या सुरुवातीच्या मांडणीकडे बघत असतो, थोडी ताणलेली, थोडी गडद झालेली, पण तीच. माझ्यासाठी ह्या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. एवढ्या अवाढव्य गोष्टीला तिचा जन्म आठवतो.

आणि तो जन्म किती हलका होता बघा. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी जो प्रकाश मोकळा झाला तो आजही मायक्रोवेव्हच्या रूपात सगळ्या दिशांनी येतोय, आणि त्याच्यात जागोजागी तापमानाचा जो फरक आहे तो १ लाखात १ भाग एवढाच. १९९२ मध्ये कोबी उपग्रहाच्या निरीक्षणांतून हे पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, पुढे डब्ल्यूमॅप आणि प्लांक उपग्रहांनी त्याचे बारीक नकाशे केले. लाखात एक. एवढ्याशा कमीजास्तपणातून आजची सगळी रचना उभी राहिली, जिथे जरा जास्त होतं तिथे आणखी आलं, जिथे जरा कमी होतं तिथलंही निघून गेलं. नुसत्या साध्या पदार्थाच्या भरवशावर हे इतक्या वेळात जमलंच नसतं, कारण साधा पदार्थ तोवर प्रकाशाशी बांधलेला होता आणि त्याला स्वस्थ गोळाच होता येत नव्हतं. डार्क मॅटरला, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ असलेल्या पदार्थाला, ती अडचण नव्हती. प्रकाशाशी त्याचं काही देणंघेणं नाही, त्यामुळे त्याने आधीच जागा धरून ठेवल्या आणि साधा पदार्थ मोकळा झाल्यावर त्या खड्ड्यांमध्ये जाऊन पडला.

आता ह्यातून गोल गोल गोळे का झाले नाहीत, जाळं का झालं, हा प्रश्न मला फार आवडतो आणि त्याचं उत्तर त्याहून. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्डोविच यांनी १९७० मध्ये दाखवलं की कुठलाही खराखुरा जास्त घनतेचा भाग सगळ्या बाजूंनी सारखा नसतोच. लांबी, रुंदी, उंची, ह्या तीन दिशांपैकी एका दिशेला ओढ थोडी जास्त असते. मग तो भाग आधी त्या एका दिशेने कोसळतो आणि सपाट होतो, त्याची भिंत बनते. नंतर दुसऱ्या दिशेने कोसळतो आणि भिंतीचा तंतू होतो, फिलामेंट. शेवटी तिसऱ्या दिशेने, तंतूवरून वाहत येऊन सगळं गाठीत जमा होतं आणि ती गाठ म्हणजे क्लस्टर. भिंत, तंतू, गाठ, आणि त्यांच्या मधे पोकळ्या, व्हॉइड. गुरुत्वाकर्षणाला जाळं विणायचं नसतं, त्याला फक्त ओढता येतं, पण सुरुवातीच्या त्या किंचित वेड्यावाकड्या मांडणीवर नुसती ओढ अब्जावधी वर्षं चालू ठेवली की जाळंच होतं. १९९६ मध्ये बॉन्ड, कॉफमन आणि पोगोस्यान यांनी त्यात भर घातली की दोन मोठ्या गाठींच्या जागा सुरुवातीलाच ठरलेल्या असतात आणि मधला तंतू त्यांच्या ताणातून तयार होतो, म्हणजे जाळ्याचा आराखडा पहिल्या क्षणापासून तिथे आहे, तो फक्त हळूहळू ठळक होत जातो. कॉस्मिक वेब हे नाव रूढ झालं ते ह्याच पेपरपासून.

१९७० च्या दशकात पश्चिमेकडचे आणि सोव्हिएत शास्त्रज्ञ ह्यावर दोन टोकांना होते. झेल्डोविच यांच्या बाजूचे म्हणत आधी प्रचंड मोठ्या भिंती झाल्या आणि त्या तुटून दीर्घिका झाल्या, जिम पीबल्स आणि त्यांच्या बाजूचे म्हणत आधी छोटं, मग छोट्यातून मोठं. क्रमाच्या बाबतीत पीबल्स बरोबर निघाले, दीर्घिका आधी, क्लस्टर नंतर, सुपरक्लस्टर सगळ्यात शेवटी आणि तेही अपुरे. पण आकाराच्या बाबतीत झेल्डोविच यांची भूमिती तशीच टिकली. वादात दोन्ही पक्षांचं असं खरं ठरणं विज्ञानात फार वेळा होत नाही आणि मला ते वाचताना खरंच आनंद होतो.

हे सगळं कागदावर. आकाशात दिसायला मात्र फार वेळ लागला. १९५३ मध्ये जेरार द वोकुलूर यांनी म्हटलं की तेजस्वी दीर्घिका आकाशात एका पट्ट्याभोवती जास्त दिसतात, म्हणजे आपण एखाद्या चपट्या महासमूहात असलो पाहिजे, आणि पुष्कळांनी ते मनावर घेतलं नाही. १९५८ मध्ये जॉर्ज एबेल यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या फोटोप्लेट नजरेखालून घालून २७१२ क्लस्टरची यादी केली, आणि त्यांनाही क्लस्टरचे पुन्हा समूह दिसत होते. फ्रिट्झ झ्विकी, ज्यांनी १९३३ मध्ये कोमा क्लस्टरमधल्या वेगांवरून न दिसणाऱ्या पदार्थाचा अंदाज केला होता, तेच झ्विकी सुपरक्लस्टर मात्र मानायला तयार नव्हते. भांडण मिटायला हवी होती तिसरी मिती. फोटोत दीर्घिका शेजारी शेजारी दिसल्या म्हणून त्या शेजारी असतातच असं नाही, खोली कळायला प्रत्येकीचा वर्णपट घ्यायला लागतो, त्यातल्या रेषा तांबड्याकडे किती सरकल्यात ते मोजायला लागतं, म्हणजे रेडशिफ्ट, आणि त्यावरून अंतर. एका दीर्घिकेला एक वर्णपट. त्या काळी दुर्बिणीवर एका वेळी एकच दीर्घिका घेता यायची.

१९७७ मध्ये एस्टोनियात टॅलिन इथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथे यान आइनास्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ययाती तारकासमूहाच्या दिशेचं चित्र मांडलं: दीर्घिकांच्या साखळ्या, साखळ्यांच्या मधे मोठमोठ्या रिकाम्या जागा, सगळं मिळून पेशींसारखी घडण. १९७८ मध्ये ग्रेगरी आणि थॉम्पसन यांनी कोमाच्या भागात तसंच दाखवलं. १९८१ मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला जवळजवळ ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंद पोकळी सापडली, तिच्यात दीर्घिका अगदी नावाला. आणि मग १९८६. व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी ॲरिझोनातल्या माउंट हॉपकिन्सवरच्या दीड मीटरच्या, म्हणजे तशा लहानच दुर्बिणीने आकाशाचा एक पातळ काप घेतला, ६ अंश जाड आणि ११७ अंश लांब, त्यात सुमारे ११०० दीर्घिका. दीर्घिका विखुरलेल्या असतील, मधे मधे गुच्छ असतील अशी अपेक्षा होती. निघालं काय तर सगळ्या दीर्घिका पातळ भिंतींवर आणि भिंतींच्या आत पोकळ्या, आणि बरोबर मधोमध हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखी एक आकृती.

तो काप मी स्क्रीनवर कितीदा उघडून बघितला असेन, ठिपक्यांचा साधा पंखा आहे तो, रंग नाहीत, सजावट नाही. पण त्यातल्या प्रत्येक ठिपक्यामागे कुणीतरी रात्री दुर्बीण एका दीर्घिकेवर रोखून थांबलं होतं, आणि तसं हजाराहून जास्त वेळा झाल्यावर आकार आपोआप वर आला. कुणी तो शोधत नव्हतं. त्या माणसाच्या धडाच्या जागी कोमा क्लस्टर आहे आणि ते धड आपल्याकडे रोखलेल्या बोटासारखं लांबुळकं दिसतं, ती मात्र फसवणूक आहे: क्लस्टरमधल्या दीर्घिकांचे आतले वेग रेडशिफ्टमध्ये मिसळतात, त्यामुळे गोल क्लस्टर आपल्या नजरेच्या रेषेत ताणलेलं दिसतं. बाकीच्या भिंती खऱ्या. १९८९ मध्ये गेलर आणि हुक्रा यांनी शेजारचे काप जोडून ग्रेट वॉल दाखवली, ५० कोटी प्रकाशवर्षांहून लांब आणि जाडी मात्र दीडेक कोटी.

नंतरचा इतिहास भराभर जातो कारण दीर्घिकांचा प्रकाश वाहून नेणारे फायबर आले आणि एका वेळी शेकडो वर्णपट घेता यायला लागले. ऑस्ट्रेलियातल्या टूडीएफ सर्व्हेने २ लाखांहून जास्त रेडशिफ्ट मोजले, स्लोन सर्व्हेत २००३ मध्ये स्लोन ग्रेट वॉल निघाली, सुमारे १३७ कोटी प्रकाशवर्षांची, आणि आज ॲरिझोनातल्याच किट पीकवर डेसी नावाचं यंत्र ५००० रोबॉटिक फायबर एकदम रोखतं. द लापारां, गेलर आणि हुक्रा यांच्या अख्ख्या कापात जितक्या दीर्घिका होत्या त्याच्या चौपटीहून जास्त ते एका फटक्यात घेऊ शकतं.

बरं, सुपरक्लस्टर दिसले, पण त्यांची हद्द कुठे आखायची? इथे लोक बरीच वर्षं आपापल्या सोयीने घनतेची एक पातळी ठरवायचे, तिच्या वरचं ते आत, खालचं ते बाहेर, पातळी बदलली की सुपरक्लस्टर बदलला. ब्रेंट टली, एलेन कुर्तुआ, येहुदा हॉफमन आणि दानिएल पोमारेद यांनी २०१४ मध्ये वेगळं काहीतरी केलं. त्यांनी दीर्घिका कुठे आहेत ह्यापेक्षा त्या कुठे चालल्यात हे विचारलं. ज्यांचं अंतर रेडशिफ्ट न वापरता स्वतंत्रपणे मोजता येतं अशा ८ हजारांहून जास्त दीर्घिका घेतल्या, रेडशिफ्टवरून मिळालेल्या वेगातून प्रसरणाचा वाटा वजा केला आणि उरलेल्या वेगांवरून ओढीचा नकाशा केला. मग पाणलोट क्षेत्र जसं ठरवतात तसंच, डोंगराच्या धारेच्या ह्या बाजूला पडलेलं पाणी ह्या नदीला आणि त्या बाजूचं त्या नदीला, तशी त्यांनी वेगांची धार शोधली. ज्यांचा ओघ आतल्या बाजूला वळतो त्या सगळ्या दीर्घिका मिळून लानियाकेया. धारेपलीकडे ययाती-मीन सुपरक्लस्टर, तिथला ओघ दुसरीकडे.

हा विचार मला फार खोल वाटतो, कारण ह्यात आपण कुणाचे आहोत हे आपण कुठे उभे आहोत ह्यावर ठरत नाही, आपण कुठे ओढले जातोय ह्यावर ठरतं. धारेच्या दोन बाजूंच्या दोन दीर्घिका एकमेकींच्या अगदी जवळ असतील, आपल्याच खोऱ्याच्या दुसऱ्या टोकापेक्षा कितीतरी जवळ, तरी त्या वेगळ्या.

लानियाकेयाच्या तळाशी ग्रेट ॲट्रॅक्टर म्हणतात तो भाग. १९८० च्या दशकात सात खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाला आढळलं की आपल्या आसपासच्या दीर्घिका सगळ्या मिळून वासुकी-नरतुरंगाच्या दिशेला सरकतायत आणि ज्याच्याकडे सरकतायत ते धड दिसतच नाही, कारण नेमका मधे आपल्याच आकाशगंगेचा धुळीने भरलेला पट्टा येतो. त्या पट्ट्यामागे बघायला एक्स-रे आणि रेडिओ लागले. २०१६ मध्ये पार्क्स रेडिओ दुर्बिणीतून तिथल्या ८८३ दीर्घिका नोंदवल्या गेल्या आणि त्यातल्या एक तृतीयांश आधी कुणी पाहिलेल्याच नव्हत्या. नॉर्मा क्लस्टर तिथलं सगळ्यात जड. पण हिशेब तेवढ्यावर भागत नाही, आपल्या ६३० किलोमीटरमधला बराच वाटा त्याच्याही मागून येतो, सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या शॅप्ली सुपरक्लस्टरमधून. शिवाय २०१७ मध्ये हॉफमन आणि मंडळींनी दाखवलं की आपल्या पाठीमागे, शॅप्लीच्या विरुद्ध दिशेला एक मोठा विरळ प्रदेश आहे, तिथे पदार्थ कमी म्हणून तिकडची ओढ कमी, आणि परिणाम असा की जणू तिथून कुणी ढकलतंय. रिकाम्या जागेचाही आपल्या वेगात वाटा आहे.

आणि २०२४ मध्ये ५६ हजार दीर्घिकांच्या अंतरांवरून हाच हिशेब पुन्हा झाला तेव्हा निघालं की लानियाकेया स्वतंत्र खोरं नसून शॅप्लीच्या खूप मोठ्या खोऱ्याचा भाग असण्याची शक्यता ६०% च्या आसपास आहे. दहा वर्षांत आपली हद्द पुन्हा सरकली. काही जणांना ह्याने वैताग येतो, शास्त्रज्ञ सारखं बदलतात म्हणून. मला उलट हे प्रामाणिकपणाचं वाटतं, हद्द ६०% म्हणून सांगणं. जिथे रचनाच पूर्ण झालेली नाही तिथे शंभर टक्के कडा मागायची कशी?

सरस्वतीबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या संशोधकांनी, जॉयदीप बागची, शिशिर सांख्यायन, सोमक रायचौधुरी आणि सहकाऱ्यांनी, मीन राशीच्या दिशेला एक सुपरक्लस्टर सापडल्याचं जाहीर केलं. आयुका म्हणजे जयंत नारळीकरांनी उभी केलेली संस्था. स्लोन सर्व्हेचा डेटा जगात सगळ्यांना मोकळा होता, त्यातल्या स्ट्राइप ८२ नावाच्या पट्ट्यात ह्यांनी नीट बघितलं. किमान ४३ क्लस्टर, पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या २ वर १६ शून्यं इतके पट, आणि अंतर ४ अब्ज प्रकाशवर्षं. ह्या शेवटच्या आकड्यात खरी गंमत आहे. आपण सरस्वती बघतो तेव्हा विश्व १० अब्ज वर्षांचं आहे, म्हणजे एवढी मोठी रचना तेव्हाच इतकी जमलेली होती, आणि साधारण तोच काळ डार्क एनर्जीचं, म्हणजे प्रसरणाला वेग देणाऱ्या ऊर्जेचं, पारडं जड व्हायचा.

ह्यातले सोमक रायचौधुरी तेच ज्यांनी १९८९ मध्ये केंब्रिजमध्ये पीएचडी करताना शॅप्ली सुपरक्लस्टर ओळखून त्याला हार्लो शॅप्ली यांचं नाव दिलं, कारण शॅप्ली यांना तिथली दीर्घिकांची दाटी १९३० मध्येच दिसली होती. आणि शिशिर सांख्यायन पुढे एस्टोनियात तार्तू वेधशाळेत गेले, तिथल्या गटाबरोबर त्यांनी ६६२ सुपरक्लस्टर शोधून काढले, आणि त्यातल्या एका खास मोठ्याला, ३ अब्ज प्रकाशवर्षांवरच्या, सूर्याच्या २६ वर १५ शून्यं इतके पट वस्तुमान असलेल्याला, आइनास्टो हे नाव दिलं. होय, टॅलिनला १९७७ मध्ये साखळ्या दाखवणारे तेच यान आइनास्टो, २०२४ मध्ये त्यांच्या ९५ व्या वाढदिवसाला. विज्ञानातली ही माणसामाणसांतून जाणारी वाट बघितली की मला भरून येतं.

सगळ्यात मोठी रचना कुठली ह्याची जी शर्यत चालते तिच्यात मला फारसा रस नाही. जायंट आर्क, बिग रिंग, हर्क्युलिस-कोरोना बोरियालिस ग्रेट वॉल, ह्यांच्या बातम्या येतात, त्यातल्या काहींवर मोजक्या ठिपक्यांतून आकार ओढल्याचा आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की पुरेसं मोठं माप घेतलं, काहीशे कोटी प्रकाशवर्षांचे तुकडे घेतले, की कुठेही जा पळसाला पानं तीनच, सगळे तुकडे सरासरीने सारखे. सुपरक्लस्टर त्या सारखेपणाच्या अगदी अलीकडच्या पायरीवर आहेत, वेगळेपणाची शेवटची पायरी.

मोठेपणापेक्षा मला तंतूंमधल्या वायूची गोष्ट जास्त ओढते. सिम्युलेशनप्रमाणे विश्वातलं निम्मं वस्तुमान फिलामेंटमध्ये आहे आणि जागा मात्र त्यांनी अगदी थोडी व्यापलीय, तीनचतुर्थांश जागा तर पोकळ्यांचीच. त्यात साध्या पदार्थाचा हिशेब वर्षानुवर्षं लागत नव्हता, असायला हवा त्यातला मोठा वाटा दिसतच नव्हता. तो तंतूंमध्ये गरम पण अतिशय विरळ वायू म्हणून असावा असा अंदाज होता. २०२५ मध्ये शॅप्ली सुपरक्लस्टरमध्येच चार क्लस्टरना जोडणाऱ्या एका तंतूतला वायू एक्स-रेमध्ये थेट मोजला गेला: लांबी २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं, तापमान १ कोटी अंशांच्या घरात, वस्तुमान आपल्या आकाशगंगेच्या दहा पट. आणि हे आकडे सिम्युलेशनशी जुळले. तंतू म्हणजे ठिपके जोडून आपण ओढलेली रेघ असं कुणी म्हणत असेल तर त्या रेघेला आता तापमान आहे.

आता ते अर्धं राहणं. सुमारे ५-६ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत प्रसरण हळू हळू मंदावत होतं, जाळं दाट होत होतं, तंतूंवरून गाठींकडे ओघ चालू होता. मग पदार्थ इतका विरळ झाला की डार्क एनर्जी वरचढ ठरली, प्रसरणाला पुन्हा वेग आला, आणि ज्या दीर्घिका तोवर एका ठरावीक दाटीच्या आत आलेल्या होत्या त्याच बांधलेल्या राहिल्या. बाकीच्यांचा ओघ आत वळलेला आहे पण त्या पोचणार नाहीत. लोकल ग्रुपचंच बघा, आपण व्हर्गोकडे ओढले जातो हे खरं, त्या ओढीने आपलं लांब जाणं थोडं मंदावलंय एवढंच, आपण तिथे कधी पडणार नाही. लानियाकेयाचं पण तेच, तो तुटणार, त्यातली क्लस्टर आपापल्या जागी घट्ट राहणार आणि मधली अंतरं वाढत जाणार. शॅप्लीचा मधला काही कोटी प्रकाशवर्षांचा गाभा तेवढा इतका दाट आहे की तो खरोखर कोसळून एक महाप्रचंड क्लस्टर होईल. काही संशोधकांचं तर म्हणणं आहे की जे असे टिकणार आहेत तेवढ्यांनाच सुपरक्लस्टर म्हणा. त्यांचा तर्क मला कळतो पण पटत नाही. ज्या ओघाने आपल्याला आज वेग दिलाय तो ओघ पुढे तुटणार म्हणून आज नव्हताच असं कसं म्हणायचं? आपला ६३० किलोमीटरचा वेग लानियाकेयाने आणि शॅप्लीने दिलेला आहे, तो आत्ता मोजता येतो.

साधारण १०० अब्ज वर्षांनंतर आपल्या एकवटलेल्या लोकल ग्रुपमधून बाहेर बघणाऱ्याला दुसरी एकही दीर्घिका दिसणार नाही, जाळं क्षितिजापलीकडे गेलेलं असेल. आणि फार आधी, विश्वाच्या पहिल्या एकदोन अब्ज वर्षांत, जाळं होतं पण आजच्यासारखे सुपरक्लस्टर भरलेले नव्हते. जमलेले आहेत आणि अजून दिसतायत असा काळ मधलाच आहे आणि त्याच काळात मोजणारे आहेत.

फक्त ह्या शेवटाबद्दल आता एक मोठी शंका उभी राहिलीय. २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या मार्चमध्ये डेसीने जे निष्कर्ष दिले, दुसऱ्या वेळी जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार, म्हणजे अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्रं, धरून, त्यात डार्क एनर्जी स्थिर नसून काळाबरोबर ओसरत असावी असा इशारा आहे. शोध म्हणून जाहीर करायला पाच सिग्मा लागतात (सिग्मा म्हणजे खात्रीचं माप) तिथपर्यंत तो पोचलेला नाही, सुपरनोव्हांचा, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांचा, कुठला डेटा जोडता त्यावर तो २.८ ते ४.२ च्या दरम्यान येतो, आणि मी स्वतः अजून कुठल्या बाजूला झुकलेली नाही. पण ती खरंच ओसरत असेल तर कोण बांधलेलं आणि कोण सुटलेलं ह्याचे सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतील. लानियाकेया पूर्ण जमेल असं म्हणायची हिंमत मी करणार नाही. डेसी अजून मोजतंय, युक्लिड ही दुर्बीण २०२३ पासून अवकाशात आहे, आणि त्यांचे पुढचे नकाशे आले की मी आधी शॅप्लीच्या गाभ्याचा हिशेब शोधणार, आज जी दीर्घिका त्याच्या पकडीबाहेर धरली जाते ती आत येते का, आणि पकडीची ती हद्द आपल्या दिशेला किती सरकते.